शेजार आणि रचना : चार्ल्स कोरिआ यांच्या अवकाशश्रेणीचे परीक्षण

मराठीत ‘शेजार’ हा शब्द स्थलवाचक आहे आणि ‘शेजारधर्म’ हा नीतिवाचक. घरास घर लागून असले की पहिला सिद्ध होतो. दुसरा सिद्ध होण्यास आणखी काही लागते. हे जे आणखी काही, ते माणसांच्या स्वभावातून येते, रूढीतून येते, की घरे ज्या रीतीने मांडलेली असतात त्या मांडणीतूनही काही अंशी येते, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी शास्त्रीय रीतीने विचारलेला नाही. चाळीविषयी ममत्वाने लिहिणारे लेखक तो प्रश्न सुटलेलाच आहे असे धरून चालतात, आणि नगररचनेचे तज्ज्ञ तो आपल्या शास्त्राच्या कक्षेबाहेरचा समजतात. या दोहोंच्या मधल्या जागेत उभे राहून ज्यांनी काही निश्चित सिद्धान्त मांडला आणि तो विटामातीत उतरवूनही दाखविला, अशांत वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिआ (१९३०–२०१५) यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांच्या सिद्धान्ताचे व त्या सिद्धान्तावर उभारलेल्या बेलापूर येथील वसाहतीचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वास्तुकलेच्या दृष्टीने त्या वसाहतीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे पाहावयाचे आहे ते एवढेच, की शेजाऱ्यास शेजाऱ्याची गरज कळावी या कामी ती रचना कितपत समर्थ ठरते.

गोमंतकीय कुळातील कोरिआ यांचा जन्म सिकंदराबादचा आणि कर्मभूमी मुंबई. प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांच्यासह त्यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना ‘मार्ग’ या नियतकालिकातून १९६५ साली मांडली. पुढे १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यावर त्या नव्या शहराचे प्रमुख वास्तुशिल्पी म्हणून त्यांनी काही वर्षे कामही केले. ‘द न्यू लँडस्केप’ हा त्यांचा ग्रंथ १९८५ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथ लहान आहे, भाषा प्रसन्न आहे आणि विचार स्वतंत्र आहे. इंग्रजीत लिहिणाऱ्या आपल्या वास्तुशिल्पींच्या लेखनात परदेशी ग्रंथांचे जे ओझे जाणवते ते येथे जवळजवळ नाही.

त्या ग्रंथातील आपल्या विषयाशी संबद्ध असे प्रतिपादन थोडक्यात असे सांगता येईल. घर म्हणजे केवळ खोली नव्हे. उष्ण प्रदेशातील मनुष्य आपल्या जीवनाचा मोठा भाग आकाशाखाली घालवितो, म्हणून घराचा विचार करताना चार प्रकारच्या जागांचा एकत्र विचार केला पाहिजे. पहिली, कुटुंबाची अगदी खाजगी जागा, जेथे स्वयंपाक होतो, निजणे होते. दुसरी, दाराबाहेरची जागा, जेथे मुले खेळतात व शेजाऱ्याशी चार शब्द बोलता येतात. आपण हिला ओटा किंवा अंगण म्हणू. तिसरी, वस्तीची एकत्र येण्याची जागा, म्हणजे शहरातला सार्वजनिक नळ किंवा खेड्यातली विहीर. आणि चौथी, साऱ्या नगराचे मैदान. या चारांची एक श्रेणी आहे आणि त्या परस्परपूरक आहेत. एकीत उणेपणा असेल तर दुसरीने तो काही अंशी भरून काढता येतो. गरिबांस लहान घर देणे भाग असेल तर ओटा, नळ व मैदान यांत कसूर करू नये, असा या विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष आहे.

हा सिद्धान्त बेलापूरच्या ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ या वसाहतीत (१९८३–८६) उतरला. पारसिकच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, सुमारे साडेपाच हेक्टर जागेत, सुमारे साडेपाचशे कुटुंबांसाठी ही बैठी व दुमजली घरे बांधली गेली. तिची रचना मोजमापांनीच सांगावी लागते, कारण तिच्यातील विचार मोजमापांतच आहे. सात घरांच्या मध्ये सुमारे आठ मीटर लांब व तितकाच रुंद असा एक चौक. असे तीन समूह मिळून एकवीस घरांचा एक मोठा समूह व त्याच्या मध्ये सुमारे बारा मीटरांचा चौक. अशा तीन मोठ्या समूहांनी मिळून त्याहून मोठी जागा. आणि अशा रीतीने चढत चढत साऱ्या वसाहतीचे मैदान. घरांचे भूखंड पंचेचाळीस ते पंचाहत्तर चौरस मीटरांच्या दरम्यान आहेत. राहणाऱ्यांच्या उत्पन्नांत जेवढे अंतर होते त्या मानाने भूखंडांत अंतर फारच थोडे ठेवलेले आहे. प्रत्येक घर आपल्या भूखंडावर स्वतंत्र उभे आहे. दोन घरांत सामाईक भिंत नाही. ज्याला जेव्हा ऐपत येईल तेव्हा त्याने आपले घर वाढवावे, त्यासाठी शेजाऱ्याची मनधरणी करावी लागू नये, हा त्यामागील हेतू होय.

या रचनेतील सर्वांत मोलाची गोष्ट आमच्या मते सात हा आकडा आहे. शेजाऱ्याची गरज म्हणजे काय, याचा विचार केला तर ती बहुधा अगदी किरकोळ, अगदी विशिष्ट आणि सांगावयास संकोच वाटेल अशी असते. विरजण लावावयास चमचाभर दही नाही. उसनी साखर हवी. रात्रपाळी करून आलेल्या माणसास दुपारी निजू द्यावयास हवे. बाळंतिणीच्या दारात फटाके नकोत. म्हाताऱ्या माणसास उन्हे उतरल्यावर टेकावयास एक पायरी हवी. या गरजा कोणत्याही अर्जात लिहिल्या जात नाहीत आणि कोणत्याही पाहणीत सापडत नाहीत. त्या कळण्यासाठी माणसांची नावे, त्यांच्या कामाच्या वेळा आणि त्यांचे आजार ठाऊक असावे लागतात. साडेपाचशे कुटुंबांविषयी ही माहिती कोणास असणार नाही. सातांविषयी ती न बाळगणे कठीण. पुन्हा, सातांच्या चौकात मधली जागा कोणाची, हा प्रश्न टाळता येत नाही. झाडणार कोण, पाणी शिंपणार कोण, लग्नाचा मांडव किती दिवस राहील, वाहने कोठे उभी राहतील, हे ठरवावेच लागते. बेलापूरच्या पुढील इतिहासातून हीच गोष्ट दिसते. लहान चौक रहिवाशांनी आपलेसे केले व राखले. मोठ्या सामाईक जागांस मात्र तितके धनी लाभले नाहीत. श्रेणीच्या वरच्या पायऱ्यांपेक्षा खालची पायरी बळकट ठरली, हा या प्रयोगाने दिलेला पुरावा होय, आणि त्याचे श्रेय कोरिआ यांस निःसंकोच दिले पाहिजे.

इतके मान्य केल्यावर आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप तिसऱ्या जागेसंबंधीचा आहे. कोरिआ नळाचा व विहिरीचा उल्लेख करतात तो माणसे आपोआप जेथे जमतात ती जागा म्हणून. पाणी प्रत्येकास लागते, म्हणून पाण्याशी सारे भेटतात, आणि भेटतात म्हणून एकमेकांस ओळखतात, असे हे अनुमान आहे. महाराष्ट्रात राहणाऱ्यास हे अनुमान स्वीकारणे अवघड जावे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावेत असा ठराव सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली मांडला व तो मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने तदनुसार चवदार तळे खुले केल्याचे जाहीरही केले. तरी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. सत्याग्रहानंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले, आणि न्यायालयातील वादाचा शेवटचा निकाल लागण्यास १९३७ साल उजाडावे लागले. त्या तळ्याच्या काठी राहणारे लोक परस्परांचे शेजारीच होते. कोणास तहान लागते हे कोणास ठाऊक नव्हते असेही नव्हे. गरज पुरती ठाऊक होती आणि ती नाकारण्याचे साधन म्हणूनच पाणवठा वापरला जात होता. तेव्हा पाणवठा हा शेजाराचा मूलाधार मानणाऱ्या सिद्धान्ताने या इतिहासाचा एका वाक्यानेही विचार करू नये, हे वैगुण्य लहान नाही.

हा इतिहास जुना झाला असे कोणी म्हणेल, म्हणून शहरातील उदाहरण घेऊ. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे सरकारच्या विकास खात्याने १९२० नंतरच्या दशकात ज्या चाळी बांधल्या त्या ‘बीडीडी चाळी’ म्हणून प्रसिद्ध आहेत. त्या एकूण २०७. त्यांपैकी १२१ एकट्या वरळीस होत्या. तळमजला धरून चार मजले, मजल्यास वीस खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, आणि दोन्ही बाजूंच्या खोल्यांमधून जाणारी बोळासारखी वाट. याहून अधिक जवळीक कोणती रचना घडवू शकेल? येथे एकाच्या घरातील फोडणीचा वास दहाजणांच्या घरांत जातो आणि एकाचा खोकला मजल्यावर ऐकू येतो. अनेक कुटुंबे येथे दोन-तीन पिढ्या नांदली, एकमेकांच्या अडचणीस धावली, हे सत्य आहे. आणि जानेवारी १९७४ मध्ये याच वरळीच्या चाळींत दलित व सवर्ण वस्त्यांमध्ये दंगल पेटली, एका चाळीवरून दुसरीवर दगड पडले, हेही तितकेच सत्य आहे. रचना दोन्ही वेळी तीच होती.

या संदर्भात आपले साहित्य काय सांगते हे पाहणे उद्बोधक आहे. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यातील विनोदाचे मर्म असे, की त्या चाळीत कोणाचेच काही झाकलेले नाही. एकाने काही व्रत आरंभिले की ते साऱ्या चाळीचे होते, आणि साऱ्या चाळीचे झाले की त्याचा बोजवारा उडतो. वाचक हसतो व हळवाही होतो, आणि शेवटी चाळ गेली म्हणून हुरहुरतो. परंतु ती बिऱ्हाडे एकमेकांस समजून घेऊ शकतात ती बव्हंशी एका थरातील, एका भाषेतील, एका सणावाराच्या पंचांगातील आहेत म्हणून, ही गोष्ट या हळवेपणात नजरेआड होते. पाचच वर्षांनी, १९६३ मध्ये, बाबुराव बागुल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील शीर्षककथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी परमुलखात जातो. तेथे बिऱ्हाड मिळण्यापूर्वी त्यास जात विचारली जाते. तो ती लपवितो, आणि ती उघड होताच भोवतालचे लोक त्याला मारावयास उठतात. दोन्ही लेखक शेजाराविषयीच लिहीत आहेत. एकाच्या चाळीत सारे उघडे असल्यामुळे मजा आहे. दुसऱ्याच्या कथेत उघडे होणे हेच संकट आहे. मराठी समीक्षेने ही दोन पुस्तके आजवर दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवली. पहिले विनोदी वाङ्मयात, दुसरे दलित साहित्यात. गृहरचनेचा अभ्यास करणाऱ्याने ती एकाच टेबलावर ठेवून वाचावीत.

त्यांवरून जे हाती येते ते असे : दिसणे आणि कळणे या दोन क्रिया भिन्न आहेत. रचना दिसण्याची सोय करू शकते. दिसलेल्याचा उपयोग शेजारी मदतीस करील की चौकशीस, हे रचनेच्या हाती नाही. म्हणून ज्या रचनेत दिसण्याची सोय आहे त्या रचनेत दार लावून घेण्याचीही सोय असली पाहिजे. बेलापूरच्या घरांस आपले खाजगी अंगण आहे व ते चौकापासून वेगळे आहे, ही त्या दृष्टीने चाळीवरील सुधारणा होय. विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत हे ध्यानात घेतले पाहिजे. नळावर जमणे ज्यास पुरुष लेखक गप्पांचा अड्डा म्हणतात ते पहाटे चारला उठून हंड्यांची रांग लावणाऱ्या बाईस तसेच वाटत असेल असे समजण्याचे कारण नाही. नळ घरात येणे ही तिची पहिली गरज आहे. तिची ही गरज शेजारभावाच्या नावाखाली मागे ठेवणे हा शुद्ध अन्याय ठरेल.

दुसरा आक्षेप अधिक तांत्रिक, परंतु आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. तो भिंतीविषयी आहे. सामाईक भिंत नसल्यामुळे प्रत्येकास आपले घर शेजाऱ्यास न विचारता वाढविता येते, हा बेलापूरच्या रचनेचा गुण म्हणून सांगितला जातो. येथे कोरिआ यांच्या विचारात एक अंतर्विरोध आहे. एकीकडे माणसांनी एकमेकांशी बोलावे म्हणून त्यांनी चौक दिला. दुसरीकडे ज्या एका विषयावर शेजाऱ्यांना बोलणे भागच पडते तो विषयच त्यांनी काढून घेतला. घर वाढविणे ही एकट्याची गोष्ट कधीच नसते. एकाने मजला चढविला की दुसऱ्याच्या अंगणातले ऊन जाते, खिडकी काढली की दुसऱ्याचा आडोसा जातो, पन्हळ बाहेर सोडली की पावसाळ्यात शेजारची भिंत ओलावते. आपल्याकडील जुन्या वस्त्यांत वळचणीच्या पागोळ्या कोणाच्या हद्दीत पडाव्यात यावरून पिढ्यानुपिढ्या भांडणे चालत. पण त्या भांडणांमुळेच पागोळीचे नियमही ठरत.

आपल्या खरेदीखतांत घराची ओळख अद्यापही चतुःसीमेने दिली जाते : पूर्वेस अमुकाचे घर, दक्षिणेस तमुकाची भिंत व मध्ये वहिवाटीचा बोळ. या लेखनपद्धतीत मोठा अर्थ आहे. माझे घर कोणते, याचे उत्तर शेजाऱ्यांची नावे घेतल्याशिवाय देताच येत नाही. १८८२ च्या वहिवाटीच्या हक्कांच्या कायद्यानेही हे तत्त्व एका वेगळ्या रीतीने मान्य केले आहे. ज्याने उजेड व वारा वीस वर्षे अखंड व शांतपणे भोगला, त्याचा त्यावर हक्क प्रस्थापित होतो आणि शेजाऱ्यास तो अडविता येत नाही. म्हणजे शेजाऱ्याची गरज हक्क म्हणून ओळखावयास कायदा वीस वर्षे घेतो. त्या वीस वर्षांच्या आत जे काही आहे ते सारे बोलण्यावर, समजुतीवर व मर्यादेवर अवलंबून आहे. नव्या वसाहतीत तर सारेच वीस वर्षांच्या आतले असते. रचनाकाराने खरी मदत करावयाची ती या काळात.

बेलापूरात पुढे काय झाले हे सर्वश्रुत आहे. मूळची कौलारू घरे पुष्कळांनी पाडली, भूखंड पुरता व्यापून काँक्रीटचे मजले चढविले, आणि आज मूळ रूपातील घर शोधावे लागते. वास्तुकलेचे रसिक याविषयी हळहळतात. आमचे मत तसे नाही. घरे वाढावीत असे कोरिआ यांनीच म्हटले होते आणि ती वाढली. खंत वाटावी ती दुसऱ्या गोष्टीची. वाढण्याचे स्वातंत्र्य दिले गेले, पण कोणत्या बाजूस, किती उंच, कोणाचे ऊन राखून वाढावयाचे, हे सात घरांनी बसून ठरविण्याची रीत त्या योजनेत घातलेली नव्हती. चौक होता, पण चौकात बसून ठरविण्याचा विषय पत्रिकेवर नव्हता, असे म्हटले तरी चालेल.

अशी रीत घालता येते काय, असा प्रश्न येथे साहजिक आहे. त्याच्या उत्तरासाठी दोन उदाहरणे पाहू. पहिले पॅट्रिक गेडिस यांचे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला तेव्हा त्याचे पहिले प्राध्यापक गेडिस होते. तत्पूर्वी ते हिंदुस्थानातील नगरांच्या पाहण्या करीत हिंडत होते. सरळ रुंद रस्ते काढण्यासाठी गल्ल्याच्या गल्ल्या पाडण्याच्या तत्कालीन रिवाजास त्यांनी विरोध केला. एखादे पडके घर काढावे, एखादा चौक मोकळा करावा, बाकीची वस्ती जशीच्या तशी सांभाळावी, असा त्यांचा आग्रह असे. होळकरांच्या इंदुरात प्लेगाच्या दिवसांत, १९१७ साली, त्यांनी दिवाळीच्या सुमारास एक मिरवणूक काढविली. तिच्यात रोगराईची व घाणीची सोंगे होती. मिरवणूक ज्या आळ्या सर्वांत स्वच्छ व नीट केलेल्या असतील त्यांतून जाईल, असे आधी जाहीर करण्यात आले होते. आळीची स्वच्छता ही एका घराने साधणारी गोष्ट नाही. शेजाऱ्याच्या दारातला उकिरडा कोठे न्यावयाचा हे त्याच्याशी बोलूनच ठरते. गेडिस यांनी एकही नवा चौक न बांधता त्या बोलण्यास निमित्त पुरविले. ते निमित्त उत्सवाचे असल्यामुळे एका दिवसापुरते होते, हा त्याचा कमकुवतपणा. आणि राजाश्रयाने आलेले होते, हा दुसरा.

दुसरे उदाहरण मुंबईतील पदपथांवर राहणाऱ्या स्त्रियांचे आहे. पदपथावरील वस्ती हटविण्यासंबंधीचा सर्वोच्च न्यायालयाचा ओल्गा टेलिस प्रकरणातील निकाल जुलै १९८५ मध्ये लागला. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळ्याच्या परिसरातील सुमारे सहा हजार पदपथवासी कुटुंबांची गणना प्रसिद्ध केली. या स्त्रियांची पुढे ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. पाडापाडीची धास्ती कायम असताना त्यांनी पुढल्या वर्षांत एक विलक्षण उद्योग केला. मिळालेच तर घर कसे हवे, हे त्यांनी आपसांत बसून ठरविले. लांबीरुंदीचे आकडे कागदावर कळत नाहीत, म्हणून अंगावरच्या साडीने मापे घेतली. मग लाकूड व कापड यांचे घराच्या खऱ्या आकाराचे नमुने उभे करून ते लोकांस व अधिकाऱ्यांस आत शिरून पाहण्यासाठी मांडले. त्या घराची उंची त्यांनी चौदा फूट धरली, कारण तेवढ्यात पोटमाळा निघतो व त्याच जागेत आणखी माणसांची निजण्याची सोय होते. शौचकूप मात्र प्रत्येक घरात न घेता काही कुटुंबांत मिळून असावा असे त्यांनी पसंत केले.

या शेवटच्या निर्णयाकडे वास्तुशिल्पींनी बारकाईने पाहिले पाहिजे. कोणी अधिकाऱ्याने गरिबांस सामाईक शौचकूप दिला असता तर तो काटकसरीचा व अवमानाचा प्रकार ठरला असता. येथे तो त्यांनी स्वतः, जागेचा हिशोब एकमेकींशी करून, पत्करला. वस्तू तीच, तिच्याकडे जाणारी वाट वेगळी असल्यामुळे तिचा सामाजिक अर्थ वेगळा झाला. कोणाची मुले लहान आहेत, कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, कोण रात्री उशिरा कामावरून येते, हे त्या हिशोबात बोलले गेल्याशिवाय तो पुरा होणेच शक्य नव्हते. वरळीच्या चाळीतही संडास सामाईक होते. पण तेथे ते बांधून झाल्यावर माणसे आली. नमुन्याच्या घरात माणसे आधी आली.

तथापि या पद्धतीचेही अवास्तव कौतुक करू नये. बैठकीत जी बोलते तिचीच गरज नोंदली जाते. नव्याने लग्न होऊन आलेली सून सासूसमोर उंबरठ्याविषयी काय बोलणार? ज्यांची जात वा भाषा वस्तीत अल्पसंख्य आहे ती बैठकीत कोठे बसतात, हाही प्रश्न आहेच. म्हणूनच सिद्धान्त म्हणून आम्ही कोरिआ यांची श्रेणी टाकून द्यावी असे म्हणत नाही. बोलण्याची रीत आणि बसावयाची जागा यांची एकमेकींस गरज आहे. ओट्यावर एकटीला गाठून जे विचारता येते ते सभेत विचारता येत नाही, आणि जे ओट्यावर कोणी विचारीतच नाही ते कधी कधी सभेच्या पत्रिकेवर असल्यामुळेच विचारावे लागते. श्रेणीत सुधारणा करावयाची ती अशी, की तिच्या प्रत्येक पायरीशी एक निर्णय जोडला जावा. सात घरांच्या चौकाशी घर वाढविण्याचा, एकवीस घरांच्या चौकाशी वाहनांचा व झाडांचा, मैदानाशी उत्सवांचा व ध्वनिक्षेपकांचा. ज्या जागेस निर्णय नाही ती जागा, बेलापूरच्या मोठ्या चौकांप्रमाणे, कोणाचीच राहत नाही.

हा विचार आज केवळ ग्रंथपरीक्षणाचा राहिलेला नाही. ज्या बीडीडी चाळींचा उल्लेख वर आला त्यांचा पुनर्विकास सुरू झाला असून वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांस ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांची सदनिका, घरात नळ व शौचकूप, आणि जा-ये करावयास उद्वाहन. हा लाभ निर्विवाद आहे व त्यास नाके मुरडणाऱ्याने स्वतः त्या जुन्या वाटेवर एक पावसाळा काढून पाहावा. पण शेजाराच्या दृष्टीने एक तपशील लक्षात घेण्याजोगा आहे. कोणास कोणती सदनिका, हे सोडतीने ठरविण्यात आले. सोडत निःपक्षपाती असते, वशिल्यास वाव देत नाही, आणि ज्यांनी शेजारी नाकारले गेल्याचा अनुभव घेतला आहे त्यांच्या दृष्टीने हे मोठेच संरक्षण आहे. बागुलांच्या नायकास सोडतीने घर मिळाले असते तर त्यास जात चोरावी लागली नसती. उलटपक्षी, पन्नास वर्षे भिंतीस भिंत लावून राहिलेल्या दोन म्हाताऱ्या आता वेगवेगळ्या मजल्यांवर असू शकतात, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसास उद्वाहनाने नऊ मजले उतरून विरजण मागावयास जाणे काही जमत नाही.

या दोन्ही गोष्टी एकत्र साधणे अशक्य नाही. कुटुंबांनी आपल्या इच्छेने तीन-तीन, चार-चारांचे गट करून अर्ज करावेत, आणि मजला व इमारत यांची सोडत गटांत व्हावी. ज्यास गट नको त्याने एकट्याने सोडतीत यावे. वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील पुष्कळ इमारती अद्याप व्हावयाच्या आहेत. त्यांतील एका इमारतीपुरती जरी ही रीत अवलंबिली, आणि दहा वर्षांनी त्या इमारतीची तुलना शेजारच्या इमारतीशी करण्यात आली, तर या लेखात केवळ तर्काने व थोड्या उदाहरणांनी मांडलेल्या विधानांची तपासणी होऊ शकेल. ती पाहणी घरे देण्यापूर्वी सुरू झाली पाहिजे, कारण कोण कोणाकडे काय मागावयास जात होते हे चाळ पाडून झाल्यावर कोणास नीट आठवणार नाही.